शेजारच्या बेडवरचा पेशंट

एमबीबीएसनंतर मी मायक्रोबायॉलॉजीला प्रवेश घेतला तेव्हा घरच्यांना वाटलं, आता हिचा पेशंटशी संबंध संपला. मलाही काहीसं तसंच वाटत होतं. सरकारी रुग्णालयाच्या तळमजल्यावर आमची प्रयोगशाळा आहे. वॉर्डांतून रक्त, लघवी, पू, थुंकी यांचे नमुने येतात. आम्ही ते प्लेटवर लावतो, जंतू उगवले तर ओळखतो आणि कोणत्या औषधाला ते दाद देतात ते कळवतो. पेशंटची ओळख बाटलीवरच्या चिठ्ठीपुरती. मग विभागप्रमुख मॅडमनी आम्हा पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटना छापील फॉर्मांचा गठ्ठा दिला आणि म्हणाल्या, "आता वर वॉर्डात जा. कोणाला कोणतं अँटिबायोटिक चालू आहे आणि कशासाठी, ते लिहून आणा."

ही पाहणी करण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिली आहे. एक वॉर्ड एकाच दिवसात पुरा करायचा. सकाळी आठला जे दाखल असतील त्या प्रत्येकाचा केसपेपर उघडायचा. अँटिबायोटिक चालू आहे का, कोणतं, किती, तोंडाने की शिरेतून, कोणत्या कारणासाठी, ते कारण केसपेपरवर लिहिलंय का, औषध सुरू करण्याआधी कल्चर पाठवलं होतं का. कोणाचं बरोबर, कोणाचं चूक हा निवाडा करायचा नाही. सकाळभराचं काम आहे असं समजून मी पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात शिरले आणि पहिल्या काही बेडांपाशीच गोंधळून गेले.

सगळे बेड भरलेले, मधल्या जागेत गाद्या टाकलेल्या. केसपेपरवर दाखल झाल्याच्या रात्रीची नोंद: ताप तीन दिवस, अंगदुखी, प्लेटलेट कमी. खाली सेफ्ट्रायक्झोन, दिवसातून दोनदा, शिरेतून. पुढच्या दिवसाच्या नोंदीत तीन अक्षरं: सीएसटी. त्याच्या पुढच्या दिवशीही सीएसटी. म्हणजे 'कंटिन्यू सेम ट्रीटमेंट', कालचंच आज चालू ठेवा. त्याच फायलीत मागे टाचलेला रिपोर्ट होता: डेंग्यू पॉझिटिव्ह. डेंग्यू विषाणूने होतो, त्याच्यावर कोणतंच अँटिबायोटिक चालत नाही. मग माझ्या फॉर्मवरच्या कारणाच्या रकान्यात मी काय लिहू? तिथे पर्याय होते: बाहेरून घेऊन आलेला संसर्ग, रुग्णालयात लागलेला संसर्ग, ऑपरेशनसाठीचा प्रतिबंध, इतर प्रतिबंध, आणि शेवटी 'अज्ञात'. अज्ञातपुढे खूण करताना हात अडखळला. आपण कोणावर तरी आरोप करतोय असं वाटलं.

म्हणून मी तिथल्या रेसिडेंटला विचारलं. रात्रभराची ड्यूटी करून तो अजून वॉर्डातच होता. तो शांतपणे म्हणाला, "रात्री दीडला आला होता. ताप 103, धाप लागलेली. डेंग्यू वाटत होताच, पण सोबत बॅक्टेरियाचं इन्फेक्शन असलं आणि मी थांबलो असतो तर? म्हणून कव्हर दिलं." मी म्हटलं, "आणि रिपोर्ट आल्यावर?" तो म्हणाला, "रिपोर्ट आला तेव्हा मी ओपीडीत होतो." त्या उत्तरात मला निष्काळजीपणा दिसला नाही. रात्री दीडचा त्याचा निर्णय कदाचित मीही तसाच घेतला असता. अडचण पुढच्या दिवसांची होती. औषध सुरू करायला एक माणूस असतो, ते थांबवायचं ठरवणारा मात्र वॉर्डात कोणीच नसतो. तिथल्या इनचार्ज सिस्टरनी तेच त्यांच्या भाषेत सांगितलं: "मॅडम, पेपरवर सीएसटी आहे तोवर मी डोस देणार. थांबवा असं कोणी लिहिलं, तर थांबवेन."

सर्जरी वॉर्डात कारण लगेच सापडलं, पण मुदत पाहून मी थबकले. हर्नियाचं साधं ऑपरेशन झालेला तरुण, पाचवा दिवस, जखम कोरडी, ताप नाही. सेफ्ट्रायक्झोन, मेट्रोनिडाझोल आणि अमिकासिन, अशी तीन औषधं चालू. अशा ऑपरेशनला अँटिबायोटिक द्यायचंच ठरलं, तर चीर देण्याआधीचा एक डोस पुरतो, तोही बहुतेक वेळा सेफाझोलिनसारख्या जुन्या औषधाचा. चीर पडते त्या क्षणी औषध त्या जागी पोहोचलेलं असावं, एवढाच त्याचा हेतू. टाके घातल्यावर देत राहिलेल्या डोसांनी जखम पिकणं कमी होत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत ऑपरेशननंतर हे औषध लांबवू नका असं सांगितलं आहे.

तिथले सर माझं बोलणं पूर्ण ऐकून घेऊन म्हणाले, "हे मीही परीक्षेत लिहिलंय. पण हा वॉर्ड बघ. दोन बेडांच्या मध्ये गादी, गादीशेजारी नातेवाइकांचे डबे, खिडकीला जाळी नाही. टाके पिकले तर याच्या घरचे मला विचारणार, तुझ्या पुस्तकाला नाही." मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आजही मी त्यांच्या भीतीला खोटं म्हणणार नाही. पण नंतर विचार करताना एक गोष्ट लक्षात आली. खिडकीला जाळी नाही ही खरी उणीव आहे आणि ती इंजेक्शनाने भरून निघत नाही. उलट ज्या वॉर्डात तीन-तीन औषधं सतत चालू असतात, तिथे तग धरून राहणारे जंतू त्या तिन्ही औषधांना पुरून उरलेले असतात. उद्या टाके पिकलेच, तर ते त्यांच्यामुळे पिकतील.

स्त्रियांच्या वॉर्डात पक्षाघाताच्या एक आजी होत्या. लघवीची नळी घातलेली, मेरोपेनेम चालू. कारण म्हणून लघवीचा कल्चर रिपोर्ट जोडलेला: ई. कोलाय, एक मिलिलिटरमागे एक लाखाहून अधिक. त्यावर आमच्या विभागाचा शिक्का होता. पण आजींना ताप नव्हता, पोटात दुखत नव्हतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या नव्हत्या. लघवी गढूळ दिसली म्हणून कोणीतरी नमुना पाठवला होता. नळी बरेच दिवस राहिली की जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडू लागतात. लक्षणं नसतील तर, गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रिया वगळता, औषधाची गरज नसते. आजींची मुलगी मला विचारत होती, "ताई, आईच्या लघवीत जंतू सापडलेत म्हणे. ते सगळे निघतील ना?" मी मॅडमना फोन केला, मॅडम युनिटप्रमुखांशी बोलल्या. नळी काढली गेली, मेरो थांबलं. आपला रिपोर्ट जंतू आहेत एवढंच सांगतो आणि आजार आहे की नाही हे पेशंटला पाहिल्याशिवाय कळत नाही, हे मी त्या बेडपाशी शिकले.

या सगळ्यात माझा सर्वांत मोठा गोंधळ मुदतीचा होता. लहानपणापासून ऐकलंय, अँटिबायोटिकचा कोर्स पुरा करा, अर्धवट सोडू नका. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1928 मध्ये पेनिसिलिन शोधलं आणि 1945 च्या नोबेल भाषणातच बजावलं की अपुऱ्या मात्रेला सामोरे गेलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. आणि इथे मॅडम म्हणतात, लवकर थांबवा. मग खरं काय? मी त्यांनाच विचारलं. त्यांनी समजावलं ते असं. घरी गेलेल्या पेशंटने मनाने औषध सोडू नये, हे आजही खरंच आहे. क्षयरोगात तर महिनोन्‌महिने औषध घ्यावं लागतं आणि मधे सोडणं घातक ठरतं. पण कोर्स केवढा असावा, हे ठरवताना आपण वर्षानुवर्षं दहा-चौदा दिवस असे गोल आकडे धरत आलो. बाहेरून झालेल्या न्यूमोनियात पेशंट सुधारत असेल तर साधारण पाच दिवस पुरतात. रक्तात गेलेल्या अनेक ग्रॅम-निगेटिव्ह संसर्गांत, मूळ दोष दूर झाला असेल तर, सात दिवसांचा उपचार चौदा दिवसांइतकाच परिणामकारक ठरल्याचं चाचण्यांत दिसलं आहे. वरचे सात दिवस पेशंटला काहीच देत नाहीत, त्याच्या आतड्यातल्या जंतूंवर मात्र परिणाम करत राहतात.

जंतूंवरचा हा परिणाम मी पुस्तकात वाचला होता, पण तो समजला आयसीयूत. तिथे तिशीच्या आतला एक माणूस होता. गावात दुधाचा धंदा, मोटारसायकलचा अपघात, डोक्याला मार, व्हेंटिलेटर. काही दिवसांनी छातीत संसर्ग झाला आणि श्वासनलिकेतल्या स्रावात अ‍ॅसिनेटोबॅक्टर उगवला. रिपोर्टवर औषधांच्या नावांपुढे एकाखाली एक 'आर' होते, म्हणजे रेझिस्टंट. हाताशी राहिलं होतं कोलिस्टिन. हे औषध 1940 च्या दशकाच्या शेवटी जपानात सापडलं. मूत्रपिंडाला इजा करतं म्हणून 1970 च्या दशकात ते जवळपास बाजूला ठेवलं गेलं आणि पुढे दुसरं काही उरलं नाही म्हणून परत आणावं लागलं. भारत सरकारने 2019 मध्ये कोंबड्या आणि जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली, ती याचसाठी.

त्याची बायको बाहेरच्या बाकावर बसून असायची. तिने मला विचारलं, "ताई, सगळ्यात भारी इंजेक्शन चालू आहे ना?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग गुण का येत नाही? त्यांनी तर कधी तापाची साधी गोळीसुद्धा घेतली नव्हती." तिचा समज बहुतेकांचा असतो: औषधं खाऊन खाऊन शरीर सरावतं आणि मग औषध लागू पडत नाही. शरीर सरावत नाही. सरावतात ते जंतू, आणि जंतू एका माणसाचे होऊन राहत नाहीत. अ‍ॅसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावरही कित्येक दिवस जिवंत राहतो. बेडच्या कठड्यावर, मॉनिटरच्या बटणांवर, व्हेंटिलेटरच्या नळ्यांवर, आमच्या हातांवर. त्या आयसीयूत आणखी पेशंटांच्या नमुन्यांत तोच जंतू, तशाच 'आर'च्या रांगेसह आला होता. ज्याने आयुष्यात अँटिबायोटिक घेतलं नव्हतं, त्याला इतरांनी घेतलेल्या अँटिबायोटिकांतून तगलेला जंतू लागला होता.

हे होतं कसं, ते मला शेतीवरून सर्वांत चांगलं समजलं. माझे वडील शेती करतात. तणनाशक मारलं की साधं गवत मरतं, पण जे एखादं तण त्याला दाद देत नाही त्याला सगळं रान मोकळं मिळतं. पुढच्या हंगामात तेच माजतं आणि बांध ओलांडून शेजाऱ्याच्या शेतात जातं. आतड्यातले कोट्यवधी निरुपद्रवी जंतू मेले की तिथेही असंच होतं. शिवाय जंतूंकडे एक जास्तीची सोय आहे. औषधाला निष्प्रभ करणारं जनुक प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर बसून एका जंतूतून दुसऱ्यात जातं, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूतसुद्धा. मेरोपेनेमसारख्या औषधांना तोडणारं एनडीएम-1 हे विकर असंच पसरलं. 2008 मध्ये स्वीडनमध्ये एका रुग्णाच्या लघवीत ते प्रथम आढळलं. तो रुग्ण मूळचा भारतीय होता आणि त्याआधी नवी दिल्लीतल्या रुग्णालयात दाखल राहिला होता.

तो दूधवाला वाचला. मूत्रपिंडं बिघडली, डायलिसिस करावं लागलं, आयसीयूतला मुक्काम लांबला, पण चालत घरी गेला. त्याच्या बायकोला मी शेवटपर्यंत नीट सांगू शकले नाही की तिच्या नवऱ्याच्या आजाराचं मूळ अर्धं अपघातात होतं आणि अर्धं आमच्या रुग्णालयात.

प्रयोगशाळेत परतल्यावर मी प्लेटकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. म्युलर-हिंटन अगारवर जंतूंचा पातळ थर पसरायचा, वर औषधाच्या सहा मिलिमीटरच्या चकत्या ठेवायच्या, रात्रभर 35 अंशांवर ठेवायचं. औषध लागू असेल तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं. पट्टीने त्याचा व्यास मोजून आम्ही 'एस' किंवा 'आर' लिहितो. आयसीयूच्या कितीतरी प्लेटांवर वर्तुळच नसतं, थर थेट चकतीला भिडलेला असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, 2013 पासून देशातल्या मोठ्या रुग्णालयांकडून असे निकाल गोळा करते. त्यांच्या अहवालांनुसार इमिपेनेमला दाद देणारे ई. कोलाय 2017 मध्ये सुमारे 81 टक्के होते, 2023 मध्ये ते सुमारे 63 टक्क्यांवर आले. एवढ्या थोड्या वर्षांत एवढी घसरण. आणि जगभरात 2019 या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट झालेले मृत्यू सुमारे 12 लाख 70 हजार असल्याचा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

आमची पाहणी पुरी झाली तेव्हा मॅडमनी राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचा अहवाल समोर ठेवला. 2021-22 मध्ये देशातल्या 20 मोठ्या रुग्णालयांत साडेनऊ हजारांहून अधिक रुग्णांची अशीच पाहणी झाली होती. 71.9 टक्के रुग्णांना अँटिबायोटिक चालू होतं. त्यांतली 55 टक्के औषधं आजारासाठी नव्हती, प्रतिबंध म्हणून होती. आणि नेमका जंतू कळल्यावर दिलेली औषधं अवघी सहा टक्के. आमच्या वॉर्डांतलं चित्र फार वेगळं नव्हतं. मला त्या दिवसापर्यंत वाटत होतं की गोंधळ माझा, नवखेपणाचा आहे. देशभरच्या वॉर्डांत बहुतेक डोस अंदाजाने दिले जातात, हे आकड्यांत पाहून मी हादरले.

अंदाज नेहमी टाळता येतो असं नाही. सेप्टिक शॉकमध्ये असलेल्या पेशंटला पहिला डोस तासाभरात मिळायलाच हवा. रिपोर्टला मात्र दोन-तीन दिवस लागतात. रक्ताच्या बाटलीत जंतू वाढून मशीन वाजायला एक-दोन दिवस, पुढे जंतूची ओळख आणि औषधांची चाचणी. मग या दोन गोष्टी जुळवायच्या कशा? पहिल्या डोसाआधी रक्त घ्यायचं, डोस द्यायचा आणि तिसऱ्या दिवशी रिपोर्ट हातात घेऊन पुन्हा विचार करायचा: थांबवायचं, साध्या औषधावर उतरायचं की चालू ठेवायचं. मी सिस्टरना विचारलं, रक्त आधी का घेतलं जात नाही? उत्तर साधं होतं. रात्री कल्चरच्या बाटल्या स्टोअरमध्ये कुलपात असतात. आता कॅज्युअल्टीत आणि आयसीयूत बाटल्या हाताशी ठेवल्या आहेत. अँटिबायोटिकच्या नावापुढे कारण आणि फेरविचाराची तारीख लिहायची, असं मेडिसिन विभागाने ठरवलं आहे. आयसीयूच्या राउंडला आमच्या विभागातलं कोणीतरी जातं, बऱ्याचदा मीच. आणि दोन बेडांच्या मध्ये हात चोळायचं द्रावण टांगलेलं असतं, कारण जंतू पसरवण्याचं सर्वांत सोपं साधन आमचे हात आहेत.

आयसीयूच्या राउंडला रोज एक चकमक होते. मेरोवर पेशंट सुधारतोय, रिपोर्ट सांगतो की सेफाझोलिनने किंवा जेंटामायसिननेही भागेल. डॉक्टर म्हणतात, सुधारतोय तर कशाला हात लावायचा? मला ती काळजी समजते. पण जे औषध आज गरज नसताना वापरतो, ते गरजेच्या दिवशी चालेनासं झालेलं असतं. इतर बहुतेक औषधं ज्याने घेतली त्याच्यापुरती राहतात. रक्तदाबाची गोळी एकाने घेतली म्हणून शेजारच्या बेडवरच्याला काही होत नाही. अँटिबायोटिकचं तसं नाही, आणि म्हणून त्याचा निर्णय एका डॉक्टरचा किंवा एका पेशंटचा खासगी निर्णय कधीच नसतो. एवढ्या दिवसांच्या फिरण्यातून मला पक्कं कळलं आहे ते हे.

पिंपरीला 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला तेव्हा पेनिसिलिन इथल्या गरिबाला परवडावं हे स्वप्न होतं. ते आपण बऱ्याच अंशी पुरं केलं. पुढचं काम मिळालेलं टिकवायचं आहे, आणि त्यात दाखल पेशंटच्या माणसांनाही वाटा आहे. आपलं माणूस रुग्णालयात असेल तर राउंडच्या वेळी विचारा: हे अँटिबायोटिक नेमकं कशासाठी? सुरू करण्याआधी कल्चर पाठवलं का? रिपोर्ट आला का, आणि तो पाहून औषध बदललं का? कधी थांबणार? नळ्यांची अजून गरज आहे का? 'सगळ्यात भारी द्या' असं म्हणू नका. नेमकं द्या म्हणा. आणि पेशंटला हात लावण्याआधी आम्ही हात धुतले नसतील तर आम्हाला थांबवा. कोणी कपाळाला आठी घालेल, तरीही विचारा. उत्तर देणं आमचं कर्तव्य आहे, आणि ज्या डोसाचं उत्तर आमच्यापाशी नसेल तो डोस थांबवायला आम्ही तिथेच सुरुवात केली पाहिजे.